सात मिनिटांचा कार्टूनपट कसा पाहावा

टॉम आणि जेरी कुणाला ठाऊक नाहीत? १९९५ साली आपल्याकडे केबलवर कार्टून नेटवर्क आलं, आणि तेव्हापासून ताटावर बसलेल्या पोरांच्या समोर ते मांजर त्या उंदरामागे धावतंच आहे. दिवस संपला की त्याच चॅनलवर टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे आणि पोरं हिरमुसून उठायची, हेही बऱ्याच जणांना आठवत असेल. पण एकामागून एक लागणाऱ्या त्या फिल्ममध्ये १९४३ची कुठली, १९६२ची कुठली, कुणी काढली, कुणासाठी काढली, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. सगळं 'कार्टून' या एकाच नावाखाली खपून गेलं.

ज्यांना त्याच फिल्म आता मोठेपणी, नीट बसून पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. विषय आहे अमेरिकेत साधारण १९२८ ते १९६० या काळात थिएटरसाठी बनलेले छोटे कार्टूनपट. माझं म्हणणं एवढंच, की यांतला विनोद मारामारीत फारसा नाही, चित्रांत त्याहून कमी आहे. तो वेळेत आहे. काय किती वेळ दाखवायचं, कुठे थांबायचं, कुठे घाई करायची, यावर या मंडळींनी हयात घालवली. ते दिसायला लागलं की पाठ झालेली फिल्मही नवी वाटते.

पायरी १ : आधी टीव्ही सरळ करा

कंटाळवाणं काम आहे, पण हे केल्याशिवाय पुढचं सगळं वाया जाईल.

हे कार्टूनपट जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढलेले आहेत, रुंदी चार तर उंची तीन. आपला टीव्ही सोळाला नऊ. चित्र ताणून पडदाभर केलं की बग्ज बनीला पोट सुटतं. झूम केलं की वरखाली कापलं जातं आणि गॅगच, म्हणजे हशा पिकवणारी करामतच, चौकटीबाहेर जाते. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, दिसू द्या. अपवाद म्हणजे १९५४ ते १९५८ या काळातले सिनेमास्कोपमधले टॉम-जेरी, ते मुळातच रुंद आहेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कुठल्या टीव्हीत तिला मोशनफ्लो म्हणतात, कुठे ट्रूमोशन, कुठे ऑटो मोशन प्लस. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, आणि कार्टूनपटात बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. टीव्ही शहाणपणा करून मधली चित्रं स्वतःच्या मनाने घालतो. दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेला झटका त्यात विरघळून जातो.

आणि रील्सवर फिरणाऱ्या क्लिपा यासाठी धरू नका. टॉमच्या तोंडी हिंदी डायलॉग घातलेल्या क्लिपा गमतीच्या असतील, पण तिथे ती शांतताच उरत नाही जिच्यावर मूळ विनोद उभा आहे. पूर्ण फिल्म शोधा, टायटल कार्डासकट.

पायरी २ : हे कुणासाठी बनलं, ते लक्षात घ्या

त्या काळी अमेरिकेत तिकीट काढून आत गेलं की नुसता सिनेमा नसायचा. आधी न्यूजरील, मग एखादी संगीताची किंवा प्रवासाची छोटी फिल्म, एक कार्टून आणि शेवटी मुख्य चित्रपट. समोर बसलेली माणसं मोठी, दिवसभर काम करून आलेली. १९४३ साली तर त्यांत कितीतरी गणवेशातली. म्हणून या फिल्ममध्ये रेशनिंगवर, सैन्यभरतीवर, त्या वेळच्या नटनट्यांवर टोमणे आहेत. दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या १९४३च्या 'रेड हॉट रायडिंग हूड'मधला लांडगा तर सरळ नाइटक्लबात जाऊन बसतो. 'मुलांचं कार्टून' ही समजूत नंतरची, टीव्हीने करून दिलेली.

स्टुडिओंची स्वतःची थिएटरं होती, त्यामुळे कार्टून विकण्याची वेगळी चिंता नव्हती. मुंबईत धोबी तलावाजवळचं मेट्रो १९३८ साली उभं राहिलं ते एमजीएमचंच, म्हणजे टॉम आणि जेरीच्या मालकांचं. १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट खटल्यात स्टुडिओंच्या या मक्तेदारीला चाप लावला. त्यानंतर छोट्या फिल्मचे पैसे निघेनात, वर टीव्ही आला. १९५७ साली एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला.

आता वेळेचा हिशोब. वॉर्नर ब्रदर्सचा कार्टूनपट पुढे पुढे साधारण सहा मिनिटांवर आला. सहा मिनिटं म्हणजे ३५ मिलिमीटरची ५४० फूट फिल्म, म्हणजे ८६४० फ्रेम. टायटल त्यातच. यात पात्रांची ओळख, भांडणाचं कारण, चढता गोंधळ आणि शेवट बसवायचा.

आपल्या रंगभूमीवरचा नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, मग पुढचं वाक्य टाकतो. बुधवारचं प्रेक्षागृह थंड असेल तर तो थांबतच नाही. कार्टूनच्या दिग्दर्शकाला ही सोय नाही. हशा कुठे येईल, किती टिकेल, हे त्याला कित्येक महिने आधी टेबलावर बसून ठरवावं लागतं, फ्रेममध्ये मोजून. बहुतेक वेळा चित्रं काढायच्या आधी फिल्मचं सगळं टायमिंग कागदावर पक्कं झालेलं असायचं. चित्रीकरण करून मग संकलनात कापाकापी, ही चैन इथे नाही. जे काढलं ते वापरायचं, कारण काढायला पैसे लागतात.

पायरी ३ : पात्र सोडा, दिग्दर्शकाचं नाव वाचा

नवख्या माणसाला मी एकच सवय लावायला सांगेन, ती ही. सुरुवातीचं टायटल कार्ड दिसलं की थांबवा आणि नाव वाचा.

सोपी परीक्षा टॉम-जेरीवर होते. १९४० ते १९५८ या काळातल्या ११४ फिल्म विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या. सातही ऑस्कर त्यांतलेच. १९६१-६२ मध्ये जीन डाइचने प्राग शहरात १३ फिल्म केल्या: आवाज घुमतात, हालचाल विचित्र, टॉमचा मालक भयंकर संतापी. लहानपणी पाहताना 'हे काहीतरी वेगळंच आहे' असं वाटलेल्या फिल्म बहुधा याच. पुढे १९६३ ते १९६७ मध्ये चक जोन्सने ३४ केल्या. त्यांत टॉमच्या भुवया जाड झाल्या, जेरी गोंडस झाला, आणि भांडणातला जोर मात्र गेला. तीच दोन पात्रं, तीन वेगळी जगं. मी सुरुवात करणाऱ्याला १९४३ ते १९५२ या दहा वर्षांपलीकडे जायला सांगत नाही.

वॉर्नर ब्रदर्सकडे हे आणखी रंगतं. १९३५ साली निर्माता लिऑन श्लेसिंगरने एव्हरी, जोन्स आणि बॉब क्लॅम्पेट यांना स्टुडिओच्या आवारातल्या एका मोडकळलेल्या इमारतीत बसवलं. वाळवी इतकी, की मंडळींनी तिचं नाव टर्माइट टेरेस ठेवलं. तिथून जे बाहेर पडलं त्यातून पॉर्की पिगला बाळसं आलं, १९३७ साली डॅफी डक आला आणि १९४० साली एव्हरीच्या 'अ वाइल्ड हेअर'मध्ये बग्ज बनी आज आपण ओळखतो तसा उभा राहिला.

तोच बग्ज चौघांच्या हाती वेगवेगळा वागतो. क्लॅम्पेटकडे तो रबराचा, अंगात आल्यासारखा. फ्रिझ फ्रेलेंगकडे नेमका. फ्रेलेंगला संगीत कळायचं आणि त्याचे गॅग तालावर पडतात. जोन्सचा बग्ज कुणाच्या वाटेला जात नाही. कुणी खोडी काढली तरच उतरतो, आणि मग डावी भुवई जराशी उचलून समोरच्याचा निकाल लावतो. एव्हरी तर १९४१ सालीच वॉर्नर सोडून एमजीएममध्ये गेला आणि तिथे त्याने गोंडसपणाच हद्दपार केला.

डिस्नीचं नाव अजून आलं नाही, कारण मला तिथे हसू कमी येतं. १९२८चा 'स्टीमबोट विली', १९३२चा तीन रंगपट्ट्यांच्या टेक्निकलरमधला पहिला कार्टूनपट 'फ्लॉवर्स अँड ट्रीज', १९३७चा 'द ओल्ड मिल' हे सगळे इतिहासातले टप्पे खरे, आणि बाकीचे सगळे डिस्नीकडूनच शिकले हेही खरं. पण हसायचंच असेल तर 'क्लॉक क्लीनर्स' (१९३७) आणि जॅक किनीचे गूफीचे खेळाचे धडे पाहा, 'हाउ टू प्ले बेसबॉल' (१९४२) पासून. निवेदक गंभीर आवाजात नियम सांगतो आणि गूफी प्रामाणिकपणे प्रत्येक नियमाची वाट लावतो.

पायरी ४ : पहिल्या आठवड्यात सहाच

सलग पाहू नका. थिएटरात लोक एका वेळी एकच पाहायचे. सलग पाच पाहिल्या की सहावीत मांजराला हातोडा बसला तरी काही वाटत नाही. रोज एक, रात्री जेवणानंतर, पुढच्या सिनेमाच्या आधी लावलीत तर उत्तमच.

सुरुवात 'द कॅट कन्सर्टो'ने करा. टॉम शेपटीचा कोट घालून पियानोवर संगीतकार फ्रान्झ लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक दोन वाजवतोय आणि जेरी पियानोत झोपलाय. एक अक्षर संवाद नाही. टॉमला कार्यक्रम थांबवता येत नाही, एवढ्या एका अडचणीवर सगळी फिल्म चालते. हिला १९४६ सालासाठीचं ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे त्याच सुमारास वॉर्नरकडे फ्रेलेंगने बग्जला घेऊन 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' केली, तीच रचना, पियानोत तसाच उंदीर, आणि दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांना चोर ठरवलं. दोन्ही लागोपाठ पाहून आपला निकाल आपण द्यावा.

दुसऱ्या दिवशी एव्हरीची 'बॅड लक ब्लॅकी' (१९४९). काळं मांजर आडवं गेलं की डोक्यावर काहीतरी पडणार, हा नियम आपल्याकडेही चालतो, त्यामुळे काही समजावून घ्यायला नको. आधी कुंडी पडते. मग पडणाऱ्या वस्तूंचा आकार वाढत जातो, आणि कुठवर वाढतो ते मी सांगत नाही. तिसरी जोन्सची 'रॅबिट सीझनिंग' (१९५२), जिथे डॅफी निव्वळ बोलण्याच्या घोळात स्वतःला पुन्हा पुन्हा गोळी मारून घेतो. इंग्रजीवर थोडं लक्ष द्यावं लागतं. चौथी रोड रनरची पहिली, 'फास्ट अँड फरी-अस' (१९४९): भरधाव पळणारा रोड रनर पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा एक रानटी प्राणी. पाचवी 'डक अमक' (१९५३), जिच्यात डॅफीचं भांडण त्याला काढणाऱ्या चित्रकाराशीच होतं. पार्श्वभूमी पुसली जाते, आवाज काढून घेतला जातो, शेवटी शरीरही बदललं जातं, आणि तरी हा बदकच आहे, तोच चिडका, मानासाठी तडफडणारा डॅफी आहे, हे एका क्षणासाठीही विसरायला होत नाही. सहावी 'वन फ्रॉगी इव्हनिंग' (१९५५). पाडकामात सापडलेला एक गाणारा बेडूक फक्त एकाच माणसासमोर गातो. संवाद नाहीत, फक्त बेडकाची गाणी. लेखक मायकेल मॉल्टीज. या सहांपैकी शेवटच्या चार त्यानेच लिहिल्या, आणि आज त्याचं नाव जोन्सच्या मानाने फार कमी घेतलं जातं, हा अन्यायच आहे.

पायरी ५ : एक फिल्म पुन्हा, आता हातात घड्याळ घेऊन

आठवडा झाला की रोड रनरकडे परत या. कायोटी कड्यावरून पुढे धावत जातो. हवेत थांबतो. पायाने खाली चाचपतो. मग आपल्याकडे पाहतो. आणि मगच पडतो.

पाहताना हसू कुठे येतं ते टिपा. पडण्यावर येत नाही, आपल्याकडे पाहण्यावर येतं. त्याला कळलंय, आपल्याला कळलंय, आणि दोघांनाही आता काही करता येत नाही. ही नजर अर्धा सेकंद कमी झाली तर पडणं नुसता अपघात होईल. अर्धा सेकंद जास्त झाली तर आपण कंटाळू.

नंतर कॅमेरा वरून, तो खाली खाली लहान होत जातो, ठिपका होतो, नाहीसा होतो. मग काहीच नाही. मग धुळीचा एवढासा फुगारा. जोन्सने यामागचं माप सांगून ठेवलंय: दिसेनासा व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर १४ फ्रेमनी आपटणं. १८ फ्रेम म्हणजे पाऊण सेकंद, १४ म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. हे त्याने सूत्रातून काढलेलं नाही, करून पाहत ठरलं. अर्ध्या सेकंदाच्या त्या रिकाम्या पडद्यावर सगळं थिएटर श्वास धरून बसायचं.

फ्रेम मोजायच्या असतील तर संगणकावर पाहा. यूट्यूबवर फिल्म थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. व्हीएलसीत इंग्रजी 'ई' दाबा. जोन्सच्या 'द डोव्हर बॉइज' (१९४२) वर हे करून पाहाच. पात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मध्ये दोन-तीन फ्रेम माणूस नसतोच, रंगाचा लांबलचक फराटा असतो. धावत्या फिल्ममध्ये तो दिसत नाही, फक्त झपाटा जाणवतो.

आता एव्हरी. त्याची 'किंग-साइज कॅनरी' (१९४७) मी शाळेत लावायला सांगेन, व्याकरणाच्या तासाला. भुकेलं मांजर एका घरात शिरतं. फ्रिजमध्ये काही नाही. शेवटी हाती लागतो एक हडकुळा कॅनरी पक्षी, त्याला खाऊन काय पोट भरणार? समोर झाडं झपाट्याने वाढवणाऱ्या औषधाची बाटली दिसते. मांजर पक्ष्याला दोन थेंब पाजतं. पक्षी वाढतो, वाढतच जातो, मांजराहून मोठा होतो. मग मांजर बाटली घेतं. मग पुन्हा पक्षी. बाटली फेकली जाते ती कुत्र्याला मिळते, कुत्र्यानंतर उंदराला. प्रत्येक जण आधीच्याहून मोठा. घरं गुडघ्याला लागायला लागतात, मग डोंगर.

इथे नियम एकच आहे: जो पितो तो वाढतो. एव्हरी नवीन नियम आणत नाही, जुना मोडतही नाही. तो फक्त 'आणि मग?' असं विचारत राहतो, आणि प्रत्येक उत्तर आधीच्याहून लवकर देतो. पहिली वाढ निवांत दाखवलीय, प्रेक्षकाला नियम कळावा म्हणून. तिसऱ्या-चौथ्याला समजावत बसायची गरज नाही, म्हणून ती झटपट उरकलीय. शेवट का होतो? बाटली संपते म्हणून. मांजर आणि उंदीर एवढे झालेत की पायाखाली अख्खी पृथ्वी कशीबशी पुरतेय, आणि उंदीर प्रेक्षकांनाच सांगतो की माल संपला, आता फिल्म थांबवावी लागेल. दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून टाटा करतात. शिकवण नाही, समेट नाही. कथेचं इंधन संपलं, कथा संपली. माझ्या मते सात मिनिटांत यापेक्षा स्वच्छ रचना झालेली नाही.

जाता जाता एक पाहा: उंदीर मांजराला म्हणतो की मला खाऊ नकोस, ही फिल्म मी आधी पाहिलीय आणि शेवटी मीच तुझा जीव वाचवतो. पुढे ते खरं होतं. पडद्यावरच्या पात्राला आपण पडद्यावर आहोत हे माहीत असणं, हा एव्हरीचा आवडता खेळ. 'मॅजिकल माएस्ट्रो' (१९५२) मध्ये तर प्रोजेक्टरमध्ये अडकल्यासारखा एक केस पडद्यावर थरथरत राहतो, प्रोजेक्शनवाल्याला मनात शिव्या देऊन होतात, आणि मग गाणारा गायक खाली वाकून तो उपटून टाकतो.

पायरी ६ : पाठ फिरवून ऐका

एक फिल्म पडद्याकडे पाठ करून ऐका. पडद्यावर काय चाललंय ते बहुतेक सगळं सांगता येईल.

वॉर्नरकडे १९३६ ते १९५८ संगीत कार्ल स्टॉलिंगचं. मूकपटांच्या काळात तो कॅन्सस सिटीत थिएटरात ऑर्गन वाजवायचा, म्हणजे पडद्यावर बघत हात चालवायची सवय आधीपासूनच. वॉर्नरच्या मालकीची शेकडो गाणी त्याच्या हाताशी होती. प्रसंगाला शोभेल अशा गाण्याच्या दोन ओळी तो बेमालूम घालायचा. यंत्रं, कारखाने, पट्ट्यावरून सरकणाऱ्या वस्तू दिसल्या की एक विशिष्ट धडधडती धून येते, ती रेमंड स्कॉटची 'पॉवरहाउस', १९३७ची. नाव माहीत नसलं तरी धून तुम्हाला पाठ आहे, पैज लावतो. एमजीएमकडे स्कॉट ब्रॅडली. त्याने टॉम-जेरीच्या पळापळीत आधुनिक संगीतकार शोनबर्गची कानाला अवघड वाटणारी बारा स्वरांची पद्धत वापरली, आणि सभागृहात ज्या संगीताला लोक उठून गेले असते त्यावर थिएटरात पोट धरून हसले.

आवाजांत मेल ब्लँकचं नाव सगळ्यांना माहीत असतं. बग्ज, डॅफी, पॉर्की, सिल्व्हेस्टर, ट्वीटी, सगळे एकाच गळ्यातून. पण करारामुळे कार्डावर आवाजासाठी नाव फक्त त्याचंच यायचं, त्यामुळे बग्जमागे लागणाऱ्या शिकाऱ्याचा, एल्मर फडचा, आवाज देणारा आर्थर क्यू. ब्रायन कितीतरी वर्षं बिननावाचाच राहिला. टॉमची ती जीवघेणी किंकाळी? ती खुद्द दिग्दर्शक विल्यम हॅनाची.

पॉपाय ऐकताना कान टवकारा. तो तोंडातल्या तोंडात सतत काहीतरी पुटपुटत असतो आणि ओठ हलत नाहीत. चित्रं झाल्यावर जॅक मर्सरने ते पदरचं घातलेलं असायचं. अर्धे विनोद त्या पुटपुटण्यातच आहेत.

पायरी ७ : खटकेल, तेव्हा

खटकणारच. कृष्णवर्णीय माणसांची विडंबनं या फिल्ममध्ये भरपूर आहेत, युद्धकाळात जपानी लोकांचीही. टॉमच्या घरातली ती बाई, जिचे फक्त पाय दिसतात, लिलियन रँडॉल्फच्या आवाजातली, याच साच्यातली. साठच्या दशकात टीव्हीसाठी तिची चित्रं आणि आवाज बदलून टाकले गेले. वॉर्नरच्या अकरा फिल्म तर युनायटेड आर्टिस्ट्सने १९६८ साली प्रसारणातूनच काढल्या. स्फोटानंतर तोंड काळं होण्याचे गॅगही टीव्हीवर कापले जातात, त्यामुळे पाहताना मध्येच संगीत अडखळलं तर तिथे काहीतरी गेलंय असं समजा. हे 'त्या काळचं' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्या काळीही ते ज्यांच्यावर होतं त्यांना कळतच होतं. मात्र संकलित संच घेताना न कापलेली आवृत्ती घ्यावी, आणि कुणासोबत पाहायची ते आपण ठरवावं.

पायरी ८ : पुढे

हॉलिवूड झालं की न्यूयॉर्कला या. मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर बंधूंच्या तिशीच्या दशकातल्या फिल्म काळ्यापांढऱ्या, जॅझवर डोलणाऱ्या आणि जराशा भुताटकीच्या आहेत. 'मिनी द मूचर' (१९३२) मध्ये फ्लायशरांची नायिका बेटी बूप हिच्यासमोर नाचणारं भूत म्हणजे जॅझ गायक कॅब कॅलोवे. त्याच्या खऱ्या नाचाच्या फिल्मवरून चित्रं गिरवलेली आहेत. असं गिरवायचं रोटोस्कोप यंत्र मॅक्सचंच. १९३४ नंतर सेन्सॉरच्या नियमांनी बेटीला पदर घ्यायला लावला आणि ती फिकी पडली, तेव्हा आधीच्याच पाहा.

मग यूपीए नावाचा स्टुडिओ. डिस्नीत १९४१ साली संप झाला, तिथून बाहेर पडलेल्या चित्रकारांनी सपाट रंग, मोजक्या रेषा आणि मोकळी जागा घेऊन वेगळीच वाट काढली. 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' (१९५०) आणि 'रूटी टूट टूट' (१९५१) या दोन पुरेत.

आपल्याकडचा धागाही इथेच जोडून घ्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' करून काड्या नाचवल्या होत्या. पण थिएटरच्या कार्टूनची शिस्त मुंबईत आली ती १९५६ साली: डिस्नीत काम केलेला क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये शिकवायला आला, आणि त्या वर्गातून पुढे नावाजलेले कार्टूनपटकार राम मोहन घडले. तिथे १९५७ साली झालेला 'द बनियन डीअर' हा जातककथेवरचा कार्टूनपट मिळाला तर जरूर पाहा, गॅगची अपेक्षा न ठेवता.

मुलांबरोबर पाहणार असाल तर रोड रनर आणि 'द कॅट कन्सर्टो' आधी लावा, भाषा आड येत नाही. समजावून सांगू नका. मुलं एकच फिल्म दहादा मागतात आणि कायोटी आपल्याकडे वळायच्या आधीच खिदळायला लागतात. तुम्ही त्या वेळी पडद्याऐवजी मुलांकडे पाहा, १८ आणि १४ फ्रेमचा हिशोब तिथे जास्त स्पष्ट दिसतो.